देवीला दिलेले कंदील

श्रावणातल्या एका रविवारी सकाळी संजीवनी वईपाशी उकिडवी बसली होती आणि जे तिथे नव्हतं ते शोधत होती.

वई म्हणजे करवंदीचे काटे रचून केलेलं कुंपण. वईच्या आत एक दांड होता, मुख्य डोंगरापासून सोंडेसारखी पुढे आलेली उतरती कड. त्या दांडावर माती अशी नव्हतीच. वर वीतभर मुरूम आणि खाली कातळ. भर पावसाळ्यातसुद्धा दोन दिवस ऊन पडलं की तो मुरूम पायाखाली करकरायला लागायचा. भात तिथे होत नाही, नाचणीसुद्धा नाक मुरडते. होतं ते फक्त गवत, आणि काही वर्षांपूर्वीपर्यंत त्या गवतात कंदील होत.

आता नुसतं गवत होतं. वारा आला की ते एका अंगाला झुकायचं, वारा गेला की उठायचं. प्रत्येक झुकण्याबरोबर संजीवनी मान वाकडी करून बुडात काही दिसतंय का ते बघायची.

"दिसला का?" मागून जितेशने विचारलं. जितेश तिचा चुलतभाऊ. ती पाचवीत, तो आठवीत. खाली वरंधच्या शाळेत जायला लागल्यापासून तो वाडीतल्या सगळ्या गोष्टींकडे पाहुण्यासारखा बघायचा.

"नाय."

"मग संपला तुझा कंदील. गेल्या सालचा तो शेवटचा. मॅडमच्या मोबाइलात फोटो हाय ना त्याचा? त्याला हार घाल."

"तूच खाल्लेस सगळे."

"मी? मी ते केव्हाच सोडलं. आता मी मॅगी खातो."

हे मात्र खरं होतं. कंदिलाच्या मुळाशी सुपारीएवढा कंद असतो, आणि गुरांमागे हिंडणारी पोरं तो खणून, चड्डीला पुसून, कच्चाच खात आली होती. त्यांच्या बापांनी खाल्ला होता, आज्यांनी खाल्ला होता, तरी दर पावसाळ्यात दांडावर कंदील लागतच होते. म्हणून तर संजीवनीला कोडं पडलं होतं. खात होते तेव्हा होते. खायचे बंद झाले आणि संपले.

कंदील हे वाडीने या फुलाला दिलेलं नाव. रोप गुडघ्याएवढंही नाही, काडीसारखं. पानं अरुंद, गवतात गवतासारखीच दिसणारी. पण फूल एकदा बघितलं की विसरायचं नाही. खाली फुगीर, मग बारीक नळी, आणि वर पाच पाकळ्या उमलून मोकळ्या होण्याऐवजी टोकाशी पुन्हा एकमेकींना चिकटलेल्या. मधल्या फटींतून आत बघता येतं, अगदी जुन्या कंदिलाच्या जाळीतून दिसावं तसं.

दर्शना मॅडम वाडीच्या शाळेत नव्याने आल्या तेव्हा संजीवनी पहिलीत होती आणि असं एक फूल कानामागे खोवून वर्गात बसली होती. मॅडम महाडच्या. चवदार तळ्याच्या मागच्या आळीत राहायच्या, वरंधपर्यंत स्कूटरने यायच्या आणि पुढची चढण पायी चढायच्या. त्या दिवशी त्या घाम पुसत वर्गात आल्या, संजीवनीच्या कानाकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "हे फूल वरून बंद का गं?"

कुणालाच माहीत नव्हतं. मुख्य म्हणजे कुणाला हा प्रश्नच कधी पडला नव्हता.

मग सगळी शाळा दांडावर गेली. सगळी म्हणजे दोन ओट्यांवर मावेल एवढी. एका कंदिलाभोवती डोकी जमली. एक चिलट फटीतून आत शिरलं, नळीतून घसरलं आणि खालच्या फुगीर भागात जाऊन पडलं. वर यायला बघे, पण येता येईना. आता मॅडम फूल चिरून दाखवणार असं मुलांना वाटलं. मॅडम म्हणाल्या, "आपण उद्या येऊ."

त्या रात्री संजीवनीला त्या चिलटाची काळजी वाटली होती. दुसऱ्या दिवशी फूल मलूल होऊन मान टाकून होतं, आणि त्यातून ते चिलट आरामात चालत बाहेर आलं. आतली लव खाली वळलेली असते, म्हणून काल वाट एकाच दिशेची होती. फूल सुकलं, लव मऊ पडली, दार उघडलं. जाताना चिलट पराग घेऊन गेलं, दुसऱ्या कंदिलात अडकायला. शहाणपण शिकत नाही बिचारं, असं मॅडम म्हणाल्या आणि पोरं हसली.

मॅडमनी फोटो महाडच्या कॉलेजातल्या आपल्या सरांना पाठवला. सर स्वतः वर आले. बराच वेळ गुडघ्यांवर बसून राहिले आणि म्हणाले, की कंदिलाच्या जाती पुष्कळ आहेत, पण ही सह्याद्रीतल्या मोजक्या डोंगरांवरच सापडते. जगात दुसरीकडे कुठे नाही.

आणि तिथून घोटाळा सुरू झाला. फोटो या मोबाइलातून त्या मोबाइलात गेला. गणपतीला आलेल्या मुंबईकरांनी रील काढले, ते एक वेळ ठीक. पण मग घाटातून मोटारसायकली यायला लागल्या. माणसं कुंडीत लावायला म्हणून कंद खणून न्यायला लागली. सांगून ऐकेनात.

तेव्हा वाडीची बैठक बसली आणि केरू बोलला. केरू म्हणजे संजीवनीचा आजा. माणूस कमी बोलायचा, पण बोललेलं मागे घ्यायचा नाही. तो म्हणाला, "मानसाचं कोन ऐकत नाय. देवीचं ऐकतील. दांड सोमजाईला सोडू."

वाडीच्या वरच्या अंगाला सोमजाईची राई होती. तिथली वाळलेली काटकीसुद्धा कुणी चुलीला आणत नसे. तोच नियम दांडाला लावायचा. दांड अंबूबाईच्या मालकीचा होता. एकटी बाई, दोन म्हशी, आणि तिचं सगळ्यात चांगलं गवत त्याच दांडावर व्हायचं. तिने पदर सारखा केला आणि म्हणाली, "देवीला दिलं तर दिलं. मग मागून तोंड वाकडं करायचं नाय."

केरूने राईत नारळ फोडला आणि सगळ्यांच्या देखत शब्द दिला: "आई, दांड तुला सोडला. आता त्यावर विळा नाय, गुरं नाय, कुदळ नाय, इस्तव नाय."

शब्द पाळला गेला. मोटारसायकलवाल्यांना देवीचं नाव सांगितलं की ते हात जोडून मागे फिरायचे. एवढी कडक राखण त्या डोंगरात कुणाचीच नव्हती. पुढच्या पावसाळ्यात कंदील थोडे कमी आले. त्याच्या पुढच्या वर्षी अगदी तुरळक. गेल्या वर्षी एक. आणि आता मॅडमनी सांगून ठेवलं होतं: फूल नाही तर बी नाही, आणि बी नाही तर या दांडावरून ही जात गेली ती गेली. परत आणायची म्हटली तर कुठून आणणार?

म्हणून संजीवनी वईपाशी बसली होती.

"उठ गो आता, म्हातारीसारखी बसलीस ती," अंबूबाईचा आवाज आला. ती पलीकडच्या डोंगरावरून हिरव्या गवताचा भारा डोक्यावर घेऊन येत होती. भाऱ्याखाली तिचं तोंड अर्धंच दिसत होतं. "आला का तुझा कंदील?"

"नाय, आजी."

"फूल पन गेलं नि माजं गवत पन गेलं," अंबूबाई म्हणाली. मग दाताखाली जीभ चावावी तशी थांबली आणि राईच्या दिशेने मान वळवून मोठ्याने बोलली, "तोंड वाकडं नाय करत गो आई, नुसतं सांगतेय!"

सोमवारी शाळेत मॅडमनी फळ्यावर लिहिलं, 'कंदील का येत नाहीत?' आणि खडू संजीवनीच्या हातात दिला. ज्याला जे वाटतं ते त्याने सांगायचं, पण एक अट होती. आपलं म्हणणं खरं की खोटं हे कसं कळेल, तेही सांगायचं.

कुणी म्हणालं, साळिंदराने कंद खाल्ले. कसं कळेल? साळिंदर खणतं, खड्डे दिसतील. खड्डे तर नव्हते. कुणी म्हणालं, पाऊस उशिरा आला. कसं कळेल? मग एक चिमुरडी म्हणाली, पाऊस तर वईच्या आत आणि बाहेर सारखाच पडतो, मग बाहेर पण बघायला पाहिजे.

मॅडमनी तिच्याकडे असं बघितलं की ती लाजून बाकाखाली गेली.

"बाहेर कुणी बघितलंय?" मॅडमनी विचारलं.

कुणीच नव्हतं. बाहेर काय बघायचं? वईच्या खालच्या बाजूने अंबूबाईच्या म्हशींची पाण्याला जायची वाट होती. चिखल, शेण, खुरांनी उधळलेला मुरूम, आणि जनावरांनी बुडापर्यंत खाल्लेलं खुरटं गवत. फुलं बघायला तिथे कोण जातं?

शाळा सुटल्यावर संजीवनी गेली. जितेश खालून येताना वाटेत भेटला, तो काही काम नसल्यामुळे बरोबर आला. ती वाटेच्या कडेकडेने वाकून चालली आणि एके ठिकाणी अशी थांबली, की जितेश तिच्यावर आदळला.

शेणाच्या पोवापासून हातभर अंतरावर, अर्ध्या तुटलेल्या काडीवर, एक कंदील लागला होता. थोडं पुढे, दगडाच्या आडोशाला, आणखी एक.

जितेशने वाकून बघितलं. मग म्हणाला, "च्यायला! देवीचं घर सोडून म्हशीच्या वाटंवर राहायला आला?"

"का आला पण?"

"आत कंटाळा आला असंल. कोन बोलायला नाय, नुसतं गवत."

तो थट्टा करत होता, पण संजीवनी वईकडे वळली होती. नुसतं गवत. तिने चपला काढल्या. देवीच्या जागेत पाय ठेवायला बंदी नव्हती, फक्त विळा आणि कुदळ नको होती. काट्यांमधल्या फटीतून ती आडवी होऊन आत शिरली. जितेश बाहेरून "साप असंल गो" एवढं म्हणाला आणि स्वतः दोन पावलं मागे सरला.

वरून हिरवं दिसणारं गवत बुडाशी हिरवं नव्हतं. तिने हाताने बाजूला केलं तर खाली गेल्या वर्षीचं गवत आडवं पडलेलं, त्याच्याखाली त्याच्या आधीच्या वर्षीचं, काळपट, कुजकं, एकमेकांत विणल्यासारखं. हात घातला तर ओलं आणि गार लागलं. जाड घोंगडी अंथरावी तसा तो सगळा दांड झाकला गेला होता. बाहेर मुरूम पायाला टोचत होता, आणि इथे मुरूम कुठे आहे तेच कळत नव्हतं. ती बोटांनी एकेक थर उचलत गेली. एक जागा, दुसरी जागा. हात काळे झाले.

मग एके ठिकाणी तिला कोंब दिसला. दोऱ्यासारखा बारीक, पांढरा, भाताच्या पेंढ्याखाली एखादा दाणा रुजून यावा तसा. वरच्या घोंगडीला टेकून तो वाकला होता, आडवा गेला होता, परत वर यायचा प्रयत्न केला होता, आणि पुन्हा वाकला होता. टोकाशी दोन पानं. अरुंद.

संजीवनीने त्याला हात लावला नाही. पण वरचं कुजकं गवत तिने दोन्ही हातांनी धरलं आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण देवीचं गवत उपटायला निघालो आहोत. तिने हळूच होतं तसं ठेवलं, आणि ठेवताना तिला रडू आलं.

त्या संध्याकाळी तिने आज्याला सगळं सांगितलं. केरू दोर वळत होता. ऐकताना त्याचे हात थांबले नाहीत.

"म्हंजे तुझं म्हननं काय, गवत कापायचं?"

"सगळं नाय. अर्धं. मॅडम म्हणतात अर्धं कापायचं, अर्धं तसंच ठेवायचं. मग पुढच्या पावसात बघायचं कुठं येतात ते. दोन्हीकडं आले नाय तर माझं चुकलं."

"नि देवीला काय सांगायचं? चुकलं म्हनून?"

"पण आज्या, आधी तर दरसाल कापत होते ना अंबूआजी! गुरं चरत होती, पोरं खणत होती, उरलेलं उन्हाळ्यात जळत होतं. तेव्हा उजेड पडत होता खाली."

"ते आधी. तेव्हा दांड अंबूचा व्हता. आता आईचा हाय." केरूने दोराला पीळ दिला. "मी सगळ्यांदेखत बोललोय गो. इळा नाय म्हनून. माझ्या तोंडानं."

दुसऱ्या दिवशी मॅडम स्वतः घरी आल्या. ओटीवर बसून चहा घेतला आणि म्हणाल्या, "केरूमामा, हात लावू नका असं मीच सगळ्यांना सांगत होते. मलाही वाटलं, राखलं की वाढेल. आता मुलीचं म्हणणं बरोबर की चूक, मला नक्की सांगता येणार नाही. करून बघितल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही. पण बळजबरी नाही. तुमची देवी आहे."

"तेच तर," केरू म्हणाला. "मग तिलाच इचारू."

तिला विचारायची रीत होती. राईतली सोमजाई म्हणजे शेंदूर लावलेला एक उभा दगड. पुजारी कुशाबा त्या दगडाच्या दोन्ही खांद्यांवर तांदळाचा एकेक ओला दाणा चिकटवायचा आणि गाऱ्हाणं घालायचा. उजवा दाणा पडला तर हो, डावा पडला तर नाही. याला कौल लावणं म्हणतात. वाडीत विहिरीची जागा, लग्नाची सोयरीक, हरवलेला बैल, सगळं असंच विचारलं जायचं.

कुशाबाने दाणे लावले आणि संजीवनीला पुढे बोलावलं. "तुझं गाऱ्हानं तू सांग."

संजीवनीने हात जोडले. "आई, कंदील मेले का झोपले? गवतामुळं येत नायत का दुसरं काय झालंय? म्हशीच्या वाटंवर का आले? आणि..."

"थांब, थांब," कुशाबा म्हणाला. "आईला पेपर सोडवायला बसवतेस काय? हो-नाय करता येल असं एक इचार."

मागे कुणीतरी हसलं. संजीवनीने डोळे मिटले. इतके प्रश्न आणि त्यातला एकच विचारायचा, हे तिला फार कठीण गेलं. शेवटी ती म्हणाली, "आई, तुझ्या दांडावरचं अर्धं गवत यंदा कापू का?"

सगळे दाण्यांकडे बघायला लागले. राईत पानांवरून थेंब गळत होते. जितेशचा मोबाइल थरथरला, त्याने तो पोटाशी दाबून धरला. अंबूबाईच्या पायाला मुंगळा चावला, तरी तिने पाय हलवला नाही. दाणे मात्र जिथे होते तिथेच. ओले होते ते वाळले, आणि वाळून आणखीच घट्ट बसले.

"आई गप हाय," शेवटी कुशाबा म्हणाला.

"गप म्हंजे हो का नाय?"

"गप म्हंजे गप."

पुढच्या मंगळवारी पुन्हा कौल लावला. पुन्हा तेच. कुशाबाने दाणे नखाने खरवडून काढले आणि केरूकडे बघितलं. "दोनदा गप राहिली म्हंजे तिनं तुमच्यावर टाकलं. आता ज्यानं दांड सोडला त्यानं ठरवायचं."

केरूला हे मुळीच आवडलं नाही. देवीने नाही म्हटलं असतं तर तो सुटला असता, हो म्हटलं असतं तरी सुटला असता. घरी येताना तो सगळी वाट नुसता खाकरत होता.

भादव्यात एकदा संजीवनी शाळेतून येत असताना तिला आजा वईच्या आत दिसला. चपला बाहेर काढून ठेवलेल्या, आणि तो गुडघ्यांवर बसून गवताच्या बुडात हात घालत होता. ती झाडाआड थांबली. त्याने थर उचलला, पुढे झुकून बघितलं, बराच वेळ बघितलं. पांढरा कोंब तोवर सुकून गेला होता, हे तिला ठाऊक होतं. मग तो उठला, म्हशींच्या वाटेवर गेला आणि तिथल्या कंदिलासमोर बसला. त्याला तोवर जोडीने दोन शेंगा धरल्या होत्या, वासराच्या नुकत्या फुटलेल्या शिंगांसारख्या. केरूने त्यांच्याभोवती दगड रचून ठेवले, म्हशीचा पाय पडू नये म्हणून. घरी आल्यावर तो यातलं काही बोलला नाही, आणि तिनेही विचारलं नाही.

दिवाळी झाली. गवतं पिकली. कापणीच्या दिवशी वाडीतला जो तो आपापल्या डोंगराकडे निघाला, आणि केरू विळा घेऊन देवीच्या दांडाकडे वळला. बघता बघता सगळी वाडी त्याच्या मागे. कुशाबा आला, अंबूबाई आली.

केरूने वईतले काटे बाजूला केले, राईकडे तोंड केलं आणि म्हणाला, "आई, शब्द माझा व्हता, मीच मोडतो. काय व्हायचं ते मला व्हईल. पोरीला नाय, अंबूला नाय, वाडीला नाय."

मग तो वाकला. विळ्याचा पहिला खसकन आवाज आला तेव्हा संजीवनीने अंबूबाईचा हात धरला. केरूने खालचा अर्धा दांड एकट्याने कापला, कुणाला हात लावू दिला नाही. कापलं तेही नुसतं वरचं नाही; खालची कुजकी घोंगडी त्याने ओढून, गुंडाळून, दांडाबाहेर टाकली. दुपारी कापणी संपली तेव्हा खालच्या अर्ध्यात मुरूम उन्हात उघडा पडला होता आणि वरच्या अर्ध्यात गवत उभं होतं. एखाद्या माणसाचं अर्धंच डोकं भादरावं तसा दांड दिसत होता.

"आता या भाऱ्यांचं काय?" अंबूबाईने विचारलं. "देवीचं गवत म्हशीला चालतं काय?"

कुशाबाने विचार केला. "देवीचं म्हंजे परसाद. परसाद खाल्ला तर म्हशीचं वाईट कसं व्हईल?"

"म्हंजे आता मी म्हशीला पन खायच्या आदी हात जोडायला शिकवू?"

केरू हसला नाही.

आणि मग वाडीला एक नवा छंद लागला. कुशाबाची बकरी लंगडायला लागली, केरूने गवत कापलं म्हणून. नळाची मोटर जळली, केरूमुळे. जितेशला गणितात कमी मार्क पडले, तर त्यानेही घरात केरूआज्याचंच नाव सांगितलं. त्यावर त्याच्या आईने त्याला लाटण्यानेच उत्तर दिलं. कुणी तोंडावर वाईट बोलत नसे. पण ओटीवर बसलेला केरू प्रत्येक बातमीसरशी आणखी थोडा खचायचा. माघात त्याला ताप आला तेव्हा तो औषध घ्यायला तयार होईना. "हे माझंच हाय, भोगू दे," म्हणाला. मॅडमनी महाडहून गोळ्या आणल्या आणि संजीवनीने आज्यासमोर पाण्याचा तांब्या धरून सांगितलं, "ताप गेला तर ताप होता, आणि नाय गेला तर देवी. बघूया तरी कळतंय का." त्याने चिडून तिच्याकडे बघितलं आणि गोळी गिळली. ताप गेला.

उन्हाळाभर संजीवनी रोज दांडाकडे बघायची. खालचा अर्धा भाग तापून तवा झालेला. अशा तव्याखाली काही जिवंत असेल यावर तिचाच विश्वास बसेना. गवत कापून आपण उरलंसुरलंही भाजून टाकलं तर? हा विचार तिने मॅडमनाही सांगितला नाही. झोपायच्या आधी तो यायचा आणि आला की ती कूस बदलायची.

पाऊस आला, मुरूम भिजला, दांडाच्या दोन्ही अर्ध्यांवर गवत हिरवं झालं. आषाढात ती वईजवळ गेलीच नाही. शाळेतून यायची वाट तिने बदलली होती. "बघत का नाय गो?" जितेशने विचारलं तर म्हणाली, "अजून वेळ आहे." वेळ नव्हता. तिला भीती वाटत होती, एवढंच.

श्रावण लागला तशी एका दुपारी केरू शाळेच्या दारात येऊन उभा राहिला. डोक्यावर घोंगडीची खोळ, पायात चपला नाहीत. मॅडम फळ्यावर लिहायच्या थांबल्या.

"संजीला जरा सोडा," तो म्हणाला. "घरी काम हाय."

"काय काम, केरूमामा?"

केरू खोटं बोलण्यात तरबेज नव्हता. "गवतात कायतरी हाय," तो म्हणाला. "मला वळखू येत नाय. पानं बारीक हायत. पन सगळीच पानं बारीक असतात. ती बघंल."

मॅडमनी खडू खाली ठेवला आणि मग कुणाला सोडायचा प्रश्नच उरला नाही. सगळी शाळा दांडाकडे निघाली. संजीवनी सगळ्यांच्या पुढे होती आणि वईपाशी पोचल्यावर सगळ्यांच्या मागे झाली. चपला काढायला तिला उगीच फार वेळ लागला.

"चल," केरू म्हणाला आणि त्याने काटे उचलून धरले.

खालच्या अर्ध्यात गवत पोटरीएवढंच होतं आणि विरळ. मधून मधून मुरूम दिसत होता. केरूने बोट दाखवलं तिथे ती बसली. हिरवी काडी, ताठ उभी. अरुंद पानं. आणि वरच्या पानाच्या बगलेत हिरवट पांढरी, खाली फुगलेली, टोकाशी मिटलेली कळी.

"हाच ना?" केरूने विचारलं. "का दुसरं कायतरी?"

संजीवनीने मानेनेच हो म्हटलं.

"यंदा रुजलेल्या बियांना लगेच फूल येणार नाही," मॅडम तिच्या शेजारी वाकून हळू म्हणाल्या. "म्हणजे हा कंद जुना. खालीच होता. इतकी वर्षं."

"म्हंजे झोपला व्हता," केरू म्हणाला. "नि ते वाकडंतिकडं पांढरं?"

"ते जागं व्हायचा प्रयत्न करत होतं, आज्या."

केरू तिथेच मुरमावर बसला. जरा वेळाने त्याने वरच्या अर्ध्याकडे बघितलं. मोठी मुलं तिकडे गवत बाजूला करून शोधत होती आणि एकेक जण मान हलवत परत येत होता. तिकडे काहीच नव्हतं.

"मग पुढच्या सालाला तेवढं पन कापू," जितेशने वईबाहेरून सुचवलं. शाळा सोडून तो वर कसा आला होता ते कुणी त्याला विचारलं नाही.

"सगळं नको," संजीवनी म्हणाली. "त्यातलं थोडं ठेवू. गवताखाली किती वर्षं झोपू शकतात ते कळायला पाहिजे."

"आईगो!" केरू म्हणाला. "म्हंजे अजून दरसाल मीच पाप करायचं काय?" पण हे म्हणताना तो कळीवर छाया पडू नये म्हणून अंग सावरून बसला होता. मग काहीतरी आठवल्यासारखं त्याने विचारलं, "नि गो, वर गवत हाय का नाय ते त्या कंदाला आत, अंधारात, कळतं कसं?"

संजीवनीने मॅडमकडे बघितलं. मॅडमनी खांदे उडवले आणि हसल्या.

"ठाऊक नाय," संजीवनी म्हणाली आणि तिला ते सांगताना फार बरं वाटलं.

खालून, म्हशींच्या वाटेवरून, हाक आली. अंबूबाई दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडत होती. "संजे! हाय का गो?"

"हाय!" संजीवनी ओरडली.

"किती?"

ती सांगायला तोंड उघडणार, तोच केरूच्या गुडघ्यापलीकडे, गवताच्या दोन पात्यांमध्ये, तिला आणखी एक ताठ हिरवी काडी दिसली. तिच्या मागे बहुधा आणखी एक.

"थांब आजी," ती ओरडली, "अजून बघतेय!"